भिंतीपलीकडचा ठोका

गवताच्या गाड्या भिवंडीत यायला लागल्या, की माझे तळहात आपोआप मिटतात. भातकापणी उरकलेली असते, माळावरचं गवत कापून वाळलेलं असतं, आणि अंबाडी गावाच्या बाजूने गाड्या एकामागून एक येऊ लागतात. मागून बघितलं तर बैल दिसत नाहीत, गाडीवानही दिसत नाही. नुसता एक पिवळा ढीग डुलत चाललेला असतो. धामणकर नाक्यापाशी आला की त्याचा गोडसर वास सुताला लावायच्या खळीच्या आंबूस वासात मिसळतो. परवा यंदाचा तो वास पहिल्यांदा आला. मी कॉलेजातून परत येत होतो. पुस्तकं काखेत धरून मी तळहात उघडून पाहिले. बोटांच्या मुळाशी पूर्वी घट्टे होते, तिथे आता नुसते फिकट डाग उरले आहेत. ते मलाच ओळखता येतात, दुसऱ्या कोणाला दाखवले तर दिसायचे नाहीत.

यंदा माझं शेवटचं वर्ष. परीक्षा जवळ आली आहे. अभ्यासाला बसलो की समोरच्या पानाऐवजी दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा दिसतो. त्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्यात फारसं काही घडलं नाही. आम्ही चौघं एका खोलीत बसून दोर ओढत होतो, आणि रविवारी खाडीत जात होतो, एवढंच.

आमचं गाव अंबाडीच्या आत. वडील भातशेती करतात, आणि भात घरात आलं की गवताच्या कामावर जातात. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी भिवंडीत मामाकडे राहतो. मामा कापडाच्या लूमवर आहे. त्याची ड्युटी असली की खोली माझी, आणि मी कॉलेजात असलो की खोली त्याची. पहिलं वर्षभर मी वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. सर प्रश्न विचारायला लागले की मी पेन खाली पाडत असे, म्हणजे ते उचलायच्या निमित्ताने वाकता येई. प्रश्न पुढे सरकला असं वाटलं की वर यायचं.

एकदा असाच वाकलेला असताना वैद्य सरांनी मला पाहिलं. ते आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. पुण्यात शिकत असताना ते नदीवर शर्यतीच्या होड्या वल्हवत असत, आणि इथे आल्यावर त्यांनी हट्टाने वल्हवणाऱ्या मुलांचा क्लब काढला होता. तास संपल्यावर ते म्हणाले, "सरळ उभा राहा बघू." मी उभा राहिलो. ते माझ्याभोवती फिरले. "पाठ लांब आहे तुझी," असं म्हणाले, आणि क्लबात येतोस का, असं विचारलं. आमच्या गावात लांब पाठ म्हणजे लावणीच्या दिवसांत जास्त दुखणारी पाठ. तिचं कोणी कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी हो म्हणालो. पेनाचा प्रकार त्यांच्या लक्षात आला असेल आणि त्याचीच ही शिक्षा असेल, असं मला पुढे आठवडाभर वाटत होतं.

व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत आमचं मशीन होतं. मोडीत निघालेल्या लाकडी लूमच्या फळ्यांतून सरांनी आणि इक्बालने ते जोडलं होतं. इक्बाल माझ्याच वर्गातला. व्यायामशाळेला लागून जो लूमचा कारखाना होता, तो त्याच्या वडिलांचा. लांब चौकट, तिच्यावर एकामागे एक चार सरकत्या बैठका, आणि प्रत्येकासमोर एक दांडी. दांडीचा दोर एका चाकाला गुंडाळलेला आणि चाकाला चामड्याचा ब्रेक. पाय टेकवायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, मग पायांनी रेटत मागे सरकायचं आणि शेवटी दांडी छातीपाशी आणायची. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पहिल्या दिवशी इक्बाल धापा टाकत म्हणाला, "इतना खींचा यार, इतने में लूम पे एक थान उतर जाता. यहाँ तो एक धागा नहीं निकला."

हवेत बारीक कापूस उडत असायचा. कारखान्याची जाळी आमच्या खोलीकडे उघडत असे. घाम आला की तो कापूस दंडांना, मानेला चिकटायचा, आणि तासाभरात आम्ही चौघं म्हाताऱ्यासारखे पांढरे दिसायला लागायचो. बोलणं ऐकू येत नसे. भिंतीपलीकडे लूम एकसारखे धडधडत. इक्बालच्या मागे सुधीर बसे, तो डॉक्टरांचा मुलगा. त्याला सुरुवातीला त्या आवाजाने डोकेदुखी व्हायची. मला काहीच वाटत नसे. मामाच्या खोलीतही तोच आवाज, नाक्यावरही तोच. भिवंडीत शांत वाटलं की लोक आधी वर दिव्याकडे बघतात, लाइट गेली का म्हणून.

सरांनी मला सगळ्यात पुढच्या बैठकीवर बसवलं. तिला स्ट्रोक म्हणतात. होडीत वल्हवणारे सगळे मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. त्या टोकाला सुकाणू धरून आमच्या क्लबातला मुकुंद बसायचा, त्याच्यासमोर मी, आणि माझ्या पाठीमागे दामोदर, इक्बाल, सुधीर. म्हणजे त्या तिघांना समोर माझी पाठ दिसणार, मला त्यांच्यातलं कोणीच दिसणार नाही. मी ज्या वेगाने वल्हं टाकीन त्या वेगाने त्यांनी टाकायचं. सरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. आजवर मीच दुसऱ्यांकडे बघून वागत आलो होतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा मागवायचा तरी आधी दुसरा कसा मागवतो ते बघायचं. आता तिघंजण माझ्याकडे बघणार होते.

आणि तरीही ते जमत गेलं. कसं, ते तेव्हा कळलं नाही. आठवड्या दोन आठवड्यांतच चार दांड्या एकदम छातीशी येऊ लागल्या. सर दारात उभे राहून बघायचे. एक दिवस म्हणाले, "काशिनाथ, तुझ्या अंगात ताल आहे." मी खाली बघितलं. त्या रात्री मामाला सांगावंसं वाटत होतं, पण मामा झोपेला आला होता. तो कुशीवर वळत म्हणाला, "उलटं बसून फुडं जायचं, ह्ये तुमच्या कॉलेजातच शिकवतात बाबा."

रविवारी आम्ही कशेळीच्या खाडीवर जायचो. तिथे आमची होडी होती, मुंबईकडच्या कोणा क्लबने टाकून दिलेली. लांब, अरुंद, आणि इतकी हलकी की कोणी शिंकलं तरी डुलायची. दामोदर खाडीकाठचाच. त्याच्या घरच्यांच्या रेतीच्या होड्या होत्या. भरती-ओहोटी कळायला त्याला घड्याळ लागत नसे. काठावर उभा राहून म्हणायचा, "आज भांगाची भरती हाय. पानी काय जास्त चढनार न्हाय. लवकर चला, न्हाय तर चिखलात बसाल." रेती काढणारे पाण्यात बुड्या मारत असायचे. वर आले की केसांतलं पाणी झटकत आमच्याकडे बघायचे. एकजण दामोदरला ओळखणारा होता. तो ओरडून विचारायचा, "दामू, घरची होडी सोडून ह्या खाटेवर कशाला बसलास? तीबी उलटा?" दामोदर मान फिरवून त्याला उत्तर द्यायचा, आणि होडी लगेच एका बाजूला कलायची.

दामोदरची ती एक अडचण होती. त्याला पाण्यात पाठ करून जाणं जमत नसे. घरच्या होडीत तो उभा राहून, समोर बघत वल्हवत आला होता. इथे चार ओढींनंतर त्याची मान मागे वळायचीच. मुकुंद कळवळून म्हणायचा, "अरे, मी बघतोय ना पुढे." त्यावर दामोदर म्हणे, "तू चष्मेवाला. तुज्या भरवशावर मी खाडीत जाऊ?"

मला खाडीची भीती वाटायची. गावच्या ओढ्यात पोहायला शिकलो होतो, पण तिथे पाय टेकत. इथलं पाणी गढूळ, त्याचा तळ कळत नसे, आणि भरतीचं पाणी वर चढताना होडीच्या तळाखालून कोणी हात फिरवल्यासारखं वाटे. पण आदल्या दिवसापर्यंत मशीनवर ओढलेलं अंगात इतकं मुरलेलं असे, की हातपाय आपोआप चालत. मी घाबरलेला असतानाही माझी पाठ घाबरलेली नसावी. मागचे तिघं तिच्याकडे बघून ओढत राहायचे.

पौषात वडील गवताची गाडी घेऊन वखारीवर आले. मी उतरवायला मदत करायला गेलो. पेंढ्या खाली देता देता ते मधेच उतरले आणि त्यांनी माझा हात धरून उलटा केला. नव्या फोडांवर जुने घट्टे, आणि अंगठ्यापाशी सालपट निघालेलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"कुनाच्या लूमवर हाईस?" त्यांनी विचारलं.

"लूमवर न्हाय, बाबा. कॉलेजातच जातो मी."

"कॉलेजात असे हात व्हतात?" त्यांनी माझा हात सोडला नव्हता. "आमचे असे हायेत म्हून तुला धाडला. तुजेपन असेच झाले तर मंग फरक काय पडला?"

मी होडीचं सांगितलं. मशीनचं, सरांचं, पुण्याला होणाऱ्या शर्यतीचं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं. ते गाडीच्या चाकाला टेकून ऐकत होते.

"होडीत काय भरता?"

"काही न्हाय. आमीच बसतो."

"रिकामी होडी न्यायाची आनि रिकामी आनायाची?"

"हां."

त्यांच्या लहानपणी भिवंडीच्या बंदरातून गवत भरलेल्या होड्या मुंबईला जात. बहुतेक त्या आठवत असाव्यात. मग त्यांनी विचारलं, "त्यात तू कुठं बसतोस?"

मी सांगितलं, की माझ्याकडे बघून बाकीचे तिघं वल्हवतात.

"तुज्याकडं बगून?" त्यांनी परत विचारलं. "तिगंबी?" मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, मॅट्रिक पास झाल्याचं कळलं तेव्हा. ते गाडीवर चढले, पुन्हा खाली वाकले आणि म्हणाले, "आनि तू कोनाकडं बगतोस?"

सर म्हणाले होते की ताल अंगात आहे. वडिलांना ते सांगायला मला लाज वाटली.

त्यानंतर आठवडाभरातच सगळं बिघडलं. सोमवारी मशीनवर बसलो आणि पहिल्या काही ओढींतच मला जाणवलं, की काहीतरी निसटलं आहे. माझी दांडी छातीशी येई तेव्हा मागे कोणाची तरी अजून अर्ध्यावर असे. मी वेग कमी केला तर मागून गुडघा माझ्या पाठीत बसे. वाढवला तर सुधीर ओरडे. मंगळवारी तेच. बुधवारी सरांनी ब्रेकचं चामडं बदललं. गुरुवारी मी ताप आल्याचं सांगून घरी बसावं असं ठरवलं, आणि तरी गेलो. रविवारी खाडीत तर वल्ही एकमेकांवर आपटली. रेतीवाले हसलेही नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं.

भांडणं सुरू झाली. सुधीर म्हणाला, मी अभ्यासाच्या काळजीने तंद्रीत असतो. मुकुंद म्हणाला, दामोदरची मान. दामोदर म्हणाला, "माजी मान आज वळते का? पयल्यापास्नं वळते." मला खात्रीच होती की चूक माझी आहे. वडिलांनी विचारलं आणि मी विचार करायला लागलो, म्हणून ते गेलं, असं मला वाटत होतं. मी झोपेतही दांडी ओढत असे. पुण्याची शर्यत जवळ आली होती आणि माझ्या पाठीमागे बसलेल्या तिघांना मी कुठे नेतो आहे, ते मलाच ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी सर यायचे होते आणि आम्ही मशीनवर नुसतेच बसून होतो. इक्बाल उठला आणि भिंतीला कान लावून उभा राहिला.

"क्या सुन रहा है?" सुधीरने विचारलं.

"वो कहाँ गया?"

"कौन?"

"वो धप्. कोनेवाले लूम का."

आम्ही सगळे ऐकू लागलो. भिंतीपलीकडे लूम नेहमीसारखे धडधडत होते. पण त्या धडधडीत काही क्षणांनी एक जड ठोका पडायचा, धप् असा. तो नव्हता. मला तो कधी ऐकू आला होता असंही आठवत नव्हतं. पण आता तो नाही हे मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. जेवताना दात मिटावेत आणि दाताखाली घासच नसावा तसं काहीतरी रिकामं वाटत होतं.

इक्बाल कारखान्यात जाऊन आला. भिंतीलगतच्या कोपऱ्यातल्या लूमच्या एका चाकाचा दात तुटला होता. चाकाचा फेरा पुरा झाला की तिथे ते अडखळे आणि दणका बसे. कापडावर त्याची आडवी पट्टी उमटायला लागली, व्यापाऱ्याने माल परत पाठवला, म्हणून मागच्याच्या मागच्या रविवारी त्याच्या वडिलांनी चाक बदलून घेतलं होतं. आणि आम्ही त्यानंतरच्या सोमवारपासून बिघडलो होतो.

सर आले तेव्हा आम्ही हसत होतो. का, ते त्यांना कळेना. ऐकल्यावर तेही हसले, आणि मग एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तुमचा स्ट्रोक भिंतीपलीकडे बसला होता."

ते मला टोचायला म्हणाले नव्हते. पण मी घरी येईपर्यंत तेच वाक्य ऐकत आलो. माझ्या अंगात ताल नव्हता. एक तुटका दात होता, तोही दुसऱ्याच्या लूममधला. तिघं माझ्या पाठीकडे बघत होते, आणि माझी पाठ मला न विचारता त्या ठोक्यामागे जात होती. आणि तिघं माझ्याकडे बघून वल्हवतात, असं मी वडिलांना सांगून बसलो होतो.

इक्बालने वडिलांना विचारून बघितलं, जुनं चाक थोडे दिवस परत लावता येईल का. त्यांनी हातातला हिशोब बाजूला ठेवला आणि आमच्या खोलीत येऊन मशीनकडे, मग आमच्याकडे पाहिलं. "कश्ती के वास्ते मैं कपड़ा बिगाड़ूँ?" ते म्हणाले. जाताना दारात थांबले. "और वहाँ नदी पे क्या करोगे? लूम साथ ले जाओगे?"

मग सरांनी दामोदरला स्ट्रोकला बसवून बघितलं. दोन रविवार. मी त्याच्या मागे बसलो. पहिल्यांदा मला समोर कोणाची तरी पाठ दिसत होती, आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. दामोदरच्या ओढीत माझ्यापेक्षा जोर होता. पण त्याची मान वळायची, खांदा वळायचा, आणि आम्ही सगळे त्याच्यासारखेच वळून मागे बघायला लागायचो. होडी वाकडी जाऊन बगळ्यांच्या थव्यात शिरली. सर काठावर डोक्याला हात लावून बसले होते. "पुण्याला काशिनाथच बसेल," ते शेवटी म्हणाले. "आल्यावर पुढचं कायमचं ठरवू." कायमचं हा शब्द त्यांनी हलकेच उच्चारला, पण माझ्यासाठी तो त्या दिवसभर पुरला.

मला ती जागा हवी होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सुटल्यासारखं वाटलं होतं ते खरं, पण दुसऱ्या रविवारी परत येताना मी दामोदरच्या बैठकीकडेच बघत होतो तेही खरं. शेवटचा बाक मला पाठ होता. ही एकच जागा अशी होती जिथे मी पेन खाली पाडत नव्हतो.

आता हे लिहिताना खाली गल्लीत सुताच्या बॉबिनची हातगाडी चालली आहे, आणि मामा भिंतीकडे तोंड करून झोपला आहे. तोंडी परीक्षेत समोर दोन अनोळखी सर बसतील आणि काही विचारतील. मला उत्तर येत असेल तरी ते माझं आहे की कुठून तरी ऐकलेलं, हे त्या क्षणी मला कळणार नाही. ही भीती काही गेलेली नाही. ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत त्यांनाही असं वाटतं का, ते एकदा सुधीरला विचारायचं होतं. राहून गेलं.

पुण्याची सकाळ गार होती. नदीवर धुकं होतं, आणि पाणी खाडीसारखं वर-खाली होत नव्हतं, नुसतं पडून होतं. होड्या तिथल्याच, चिठ्ठ्या टाकून मिळालेल्या. आम्हाला मिळालेल्या होडीची बैठक इतकी अलगद सरकली, की मी घाबरून कडेला धरलं. शेजारी दोन कॉलेजांच्या होड्या होत्या. त्यांचे कपडे एकसारखे होते. आमच्यात इक्बालची विजार तेवढी वेगळ्या रंगाची होती, म्हणजे बाकी आम्ही सगळे एकसारखे होतो म्हणायचं.

आणि शांतता होती. भिवंडीला आल्यापासून मी इतकी शांतता ऐकली नव्हती. काठावर माणसं होती, पण त्यांचे आवाज धुक्यात बुडाले होते. माझे कान काहीतरी शोधत होते आणि त्यांना काहीच सापडत नव्हतं. मुकुंदचे ओठ कोरडे पडले होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे.

इशारा झाला. पहिल्या काही ओढी नुसत्या भीतीच्या होत्या. मी घाईघाईने ओढत सुटलो. वल्हं पाण्यात पुरतं बुडायच्या आधीच मी ते खेचत होतो. मुकुंद म्हणाला, "हळू, काशिनाथ, हळू." मी एकदम सैल सोडलं, आणि होडी बसल्यासारखी झाली. शेजारची होडी पुढे निघून गेली. तिचं पाणी आमच्या बाजूला येऊन थपडा मारायला लागलं. झालं, असं मला वाटलं. ओरडावंसंही वाटलं नाही, नुसतं खाली वाकावंसं वाटलं.

तेव्हा मला मागून श्वास ऐकू आला. दामोदरचा, नाकातून फुसफुसत येणारा. त्याच्यामागे इक्बालचा, प्रत्येक ओढीला घशातून "हं" असा. सुधीरचा अगदी लांबून, शिट्टीसारखा. इतके महिने मी त्यांच्यापुढे बसलो होतो आणि त्यांचे श्वास मी कधी ऐकलेच नव्हते. भिंतीपलीकडच्या आवाजात ते बुडून जात, आणि खाडीत माझं सगळं लक्ष पाण्याकडे असे. तिघंही थकले होते. मी घाई केली की तिघांचाही श्वास तुटायचा, मी थांबलो की तिघंही माझ्याबरोबर थांबायचे. मी त्यांना श्वास पुरा घेऊ दिला, आणि मग वल्हं टाकलं. परत पुरा घेऊ दिला, परत टाकलं. मधे एकदा पुन्हा चुकलो. श्वास पुरा व्हायच्या आधी खेचलं. मागे तिघांनीही तसंच खेचलं, म्हणून होडी डुलली नाही, सरळ गेली. मग मुकुंद काही बोलायचा थांबला. त्याच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

आम्ही तीन होड्यांत दुसरे आलो. पुढच्या फेरीत फक्त पहिली होडी जाणार होती. म्हणजे आमचं पुणं तिथेच संपलं.

काठाला लागलो. मुकुंद होडीतून उतरताना सरांना म्हणाला, "सर, दामू आज एकदाही मागे वळला नाही." दामोदर चिखलात उभा राहून बनियन पिळत होता. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सर आमच्याजवळ आले. वेळ किती लागला वगैरे ते काही बोलले नाहीत. मी वल्ह्याच्या पात्यावरचं शेवाळ बोटाने काढत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"आता ठरवून टाकू," सर म्हणाले. त्यांनी मला विचारलं नाही, त्या तिघांना विचारलं. "पुढे स्ट्रोकला कोण?"

इक्बालने दामोदरकडे पाहिलं. सुधीरनेही. जोर त्याच्यातच होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माझं बोट पात्यावर थांबलं.

"ह्यालाच ऱ्हाऊ द्या," दामोदर म्हणाला.

"दोनदा चुकला तो," सर म्हणाले. "सुरुवातीला आणि मधे एकदा. मी काठावरून बघत होतो."

"चुकला ना." दामोदरने बनियन झटकला आणि अंगात घातला. "पन आमीबी त्याच्यासंगंच चुकलो. कोन मागं न्हाय ऱ्हायला."

सरांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि वल्ही इथल्या क्लबात परत करायची आहेत, उशीर नको, एवढंच म्हणाले. मी माझं वल्हं खांद्यावर घेतलं आणि चढणीला लागलो. ते तिघं मागून येत होते. ओल्या मातीत त्यांची पावलं वाजत होती, आणि त्यांचा एकमेकांशी काही म्हणजे काही मेळ नव्हता.